आमच्या भिंतीवरची नदी

१२ फेब्रुवारी

आज दादाने माझ्या कानाखाली वाजवली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, माझ्याच दुकानात, बाहेरच्या माणसासमोर. कान अजून गुंई करतोय. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून ही वही काढली. आप्पांच्या जुन्या ऑर्डरींच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, ती तरी कामी येतील.

झालं असं. सकाळी संग्रहालयाच्या बाई आल्या. एका मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन ते पुढच्या वर्षी भरवताहेत आणि आमच्या चित्रासाठी एक सबंध भिंत राखून ठेवणार आहेत. 'नदीचं वळण' असं त्याचं नाव पुस्तकांत छापलंय आणि पुढे लिहिलंय, ठावठिकाणा अज्ञात. अज्ञात कसला! शेहेचाळीस वर्षं आमच्या दुकानामागच्या खोलीत, कपाटाच्या वर आहे. नदी वळते, पलीकडे वीटभट्टीचा धूर, अलीकडे लव्हाळी, वर भलंमोठं आभाळ आणि डावीकडे पाण्यात एक लहानशी होडी. आप्पा त्या चित्रकाराच्या चित्रांना फ्रेमा करून द्यायचे. त्याने खूश होऊन हे चित्र त्यांना भेट दिलं. झोपेतून उठवून विचारलं तरी मी ही गोष्ट न अडखळता सांगेन, इतक्या वेळा ऐकलीय. आप्पा असेपर्यंत परक्या माणसाला मागच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत. ते गेल्या वर्षी गेले आणि मीच संग्रहालयाला पत्र घातलं.

बाईंनी मालकीचा तक्ता म्हणून एक कागद दिला. तीन रकाने: कुणाकडे, कधीपासून कधीपर्यंत, कसे मिळाले. मी झोकात पहिली ओळ लिहायला घेतली आणि दादा आत आला.

"कसला कागद आहे हा?"

सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"ते चित्र कुठेही जाणार नाही. लोकांना दाखवायचं नाही."

"आप्पांचं नाव संग्रहालयाच्या भिंतीवर लागणार तर तुझ्या पोटात का दुखतंय?" मी म्हटलं.

तेवढ्यावर वाजवली. बाईंची पर्स हातातून पडली. मीही त्याची कॉलर धरली, पण ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि मध्ये उभी राहिली, म्हणून वाचला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याला आप्पांचं कौतुक कधी बघवलंच नाही. शाळा संपल्या संपल्या त्याने दुकान सोडलं, पुढे बसचा ड्रायव्हर झाला. जेवायला आला की त्या चित्राकडे पाठ करून बसायचा, कायम. आप्पांचा एवढा मोठा मान, आणि पोटचा पोरगा त्याला पाठ दाखवतो! धंदा मला मिळाला ह्याची जळजळ आहे ती, दुसरं काही नाही.

१९ फेब्रुवारी

बाई पुन्हा आल्या, ह्या खेपेला जुना फोटो घेऊन. चित्रकाराच्या शेवटच्या प्रदर्शनातला. त्यात आमचंच चित्र, पण होडी नाही!

बाई भिंग काढून होडी बघत बसल्या. मी सरळ उलगडा करून दिला. चित्रकार दुकानात यायचा, आप्पांबरोबर तासन्‌तास बसायचा. आप्पा म्हणाले असतील, एवढं पाणी आहे, एखादी होडी हवी होती. त्याने तिथल्या तिथे काढून दिली असेल. म्हणजे होडी हाच तर पुरावा, की दोघांचं किती मेतकूट होतं! बाई "हं" म्हणाल्या. सुशिक्षित माणसांना एखादी गोष्ट दुसऱ्याने आधी ओळखली की असं "हं" करावं लागतं.

मग त्यांनी माप काढलं. जुन्या यादीत दिलेल्या मापापेक्षा आमचं चित्र चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कमी भरलं. मी म्हटलं, कॅनव्हास आखडतो, बाई. इतके उन्हाळे-पावसाळे. त्यांनी तेही लिहून घेतलं. खरं सांगायचं तर एवढा आखडलेला कॅनव्हास मी तरी पाहिलेला नाही, पण ते काय त्यांना सांगायचं?

मागची बाजू बघायला मागत होत्या. मागे आप्पांनी दुसरं कापड डकवून अस्तर दिलंय, एवढं मी तोंडी सांगितलं; चित्र भिंतीवरून काढलं नाही. आप्पांचं काम असं की कुठे सुरकुती म्हणून सापडणार नाही. फ्रेमसुद्धा ते कधी तारेला टांगत नसत, चारी कोपऱ्यांत स्क्रू मारून भिंतीलाच आवळायचे. "भूकंप झाला तर भिंत पडेल, माझी फ्रेम पडणार नाही," म्हणायचे. आणि ह्या चित्रावर तर जीव. दर वर्षी होडीवरून वार्निशचा एक हात फिरवायचे, नेमाने. बाकीच्या चित्राला हात लावत नसत, फक्त होडीला.

२६ फेब्रुवारी

काल पेपरात चित्राचा फोटो आला, दुकानाच्या पत्त्यासकट. आज सकाळपासून लोक अभिनंदन करायला येत होते. त्यात अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. साधारण पंचावन्न-साठीच्या, खांद्याला पिशवी, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. शाळेत गणित शिकवते म्हणाल्या. मला वाटलं, मुलांच्या कामाला फ्रेम बनवायची असेल.

त्यांनी टेबलावर चादर सोडली. आत रिकामी फ्रेम. एका बाजूने काळी पडलेली, जळकी. पण कोपरे बघून माझे डोळेच चमकले. प्रत्येक सांध्यात काळ्या लाकडाची पाचर! तशी पाचर ह्या जगात एकच माणूस बसवायचा.

"अहो, हे आमच्या आप्पांचं काम!" मी म्हटलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याच घरी येऊन बसवली होती त्यांनी. मी अकरा वर्षांची होते. मी त्यांना पाणी दिलं होतं."

फ्रेमच्या आत, लाकडी चौकटीला, कॅनव्हासच्या चार पट्ट्या खिळ्यांनी अजून तशाच होत्या. दोन-दोन बोटं रुंद. डावीकडच्या पट्टीवर हिरव्या रेघा, वरच्या पट्टीवर आभाळ. आतली कड सुऱ्याने कापलेली.

"तुमच्या भिंतीवरचं चित्र आमचं आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. सकाळचा पाढा म्हणावा तशा सुरात. "दंगलीच्या वर्षी, भर दुपारी कापून नेलं. फ्रेम भिंतीला स्क्रूने आवळलेली होती, ती निघाली नाही. म्हणून कापलं."

"आमच्या चित्रात होडी आहे. तुमच्यात होती?"

"नाही. आमच्यात होडी नव्हती."

"मग झालं! तुमचं चित्र वेगळं."

"एकदा फ्रेम लावून बघू. पट्ट्या जुळल्या नाहीत तर मी जाते."

"कशाला लावायची? भंगारात आमच्या आप्पांची जुनी फ्रेम मिळाली की उद्या गावातलं कुणीही उठून येईल!"

त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी आई त्या चित्राला पाठ लावून उभी होती. तिने..."

पुढे मी ऐकलं नाही. आप्पांना जाऊन वर्षही झालं नाही आणि माझ्याच दुकानात उभं राहून ही बाई त्यांना चोर ठरवणार? डोक्यात सणक गेली. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. दार जोरात लोटलं. त्या दारातच उभ्या होत्या. मी त्यांना ढकललं नाही, दार ढकललं. त्या तीन पायऱ्यांवरून खाली फुटपाथवर गेल्या, हातावर. लाकडाची पट्टी मोडते तसा आवाज आला. मला पट्टी मोडल्याचा आवाज चांगला ओळखता येतो.

ही चप्पल न घालता खाली धावली. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. 

२७ फेब्रुवारी

मनगटाची दोन हाडं मोडली. दीड महिना प्लास्टर. मास्तरीणबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, पायरीवरून तोल गेला. का असं सांगितलं कळत नाही. माझ्यावर उपकार करायला मी त्यांचा कोण लागतो?

फ्रेम दुकानातच राहिली. मी ती कचऱ्यात टाकायला उचलली तर ही म्हणाली, "ती खाली ठेवा." आवाज असा होता की मी ठेवली. आता ती तिच्या कपड्यांच्या कपाटात आहे आणि किल्ली कमरेला.

मी म्हटलं, "तुझा सासरा चोर होता, असं तुला वाटतं?"

"मला काही वाटत नाही. तुम्ही फ्रेम लावून बघायला घाबरलात, एवढं मी पाहिलं."

बावीस वर्षांचा संसार, आणि ही अशी बोलणार. भाजीचं पातेलं मी भिंतीवर फेकलं. भिंत अजून तशीच आहे. तिने पुसली नाही आणि मीही.

५ मार्च

दुकान बंद करून लिहितोय.

दुपारी दादा आला. बसच्या गणवेशात, ड्यूटी संपवून थेट. माझ्याकडे न बघता मागच्या खोलीत गेला. मला वाटलं, पाणी प्यायला गेला. मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर हा स्टुलावर उभा, हातात दुकानातला पुठ्ठा कापायचा सुरा, आणि सुऱ्याचं टोक होडीवर.

मी पाय ओढला. तो स्टुलासकट खाली आला. सुरा त्याने सोडला नाही. "मला कापू दे, तुझ्या पाया पडतो, मला कापू दे," असं म्हणत होता. चोपन्न वर्षांचा माणूस! मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला, ओठ फुटला. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला. आम्ही दोघं दारातून दुकानात आलो ते एकमेकांना धरूनच. काचांचा ढीग पडला. त्याने माझं डोकं टेबलावर आपटलं, दोनदा. मी हातोडा शोधत होतो, सापडला नाही. सापडला असता तर आज दादा नसता, हे मी इथे लिहून ठेवतो.

मग आम्ही कोपरे कापायच्या मशीनवर आलो. त्याला दोन पाती आहेत, काटकोनात, आणि खाली पेडल. पेडल दाबलं की पाती खाली येतात आणि सागवानाची जाड पट्टी लोण्यासारखी कापली जाते. त्याचा डावा हात आधाराला मशीनच्या पाटावर गेला. माझा पाय पेडलवर पडला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. एवढं रक्त दोन बोटांतून येतं हे मला माहीत नव्हतं. दादा ओरडला नाही. पाटाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आता बस नाही चालवता येणार." ही आली, तिने टॉवेल बांधला. बोटं मी पिशवीत घातली, बर्फ घातला, पण डॉक्टर म्हणाले उशीर झाला.

६ मार्च

दवाखान्यात पोलीस आला होता. दादा म्हणाला, अपघात. मीही म्हणालो, अपघात. हवालदाराने आमच्या दोघांच्या सुजलेल्या तोंडांकडे पाहिलं, वही मिटली आणि गेला.

तो गेल्यावर दादा बोलला. छताकडे बघत. मी ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

"मी आठ वर्षांचा होतो. तू आईच्या पोटात. दुपारी आप्पा मागच्या दाराने आले. सदऱ्याच्या आत कॅनव्हासची गुंडाळी. सदरा लाल. मला वाटलं रंग सांडला. आईने बादली भरून दिली. आठवडाभर दुकान बंद. मग त्यांनी गुंडाळी उघडली. चित्राला चीर पडलेली, हाताच्या तळव्याएवढी. मागून चिकटवली, पण समोरून दिसायची. म्हणाले, इथे काहीतरी काढावं लागेल. मी म्हटलं, होडी काढा. मला होड्या आवडायच्या. तपकिरी रंग मीच घोटून दिला."

मी म्हटलं, "खोटं."

"खोटं असतं तर मी तुझ्या कानाखाली कशाला मारली असती? तुला आप्पा हवे होते ना. मी म्हटलं, राहू देत ह्याच्यापाशी तरी."

परिचारिका आली, म्हणाली वेळ संपली. बाहेर आलो आणि दवाखान्याच्या भिंतीवर डोकं टेकून उभा राहिलो. मला दादाचा राग येत होता. अजूनही येतोय. दोन बोटं गेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो.

९ मार्च

चित्र भिंतीवरून काढलं. चार स्क्रू. आप्पांनीच आवळलेले, शेवटचा निघता निघेना.

दिवसाउजेडी, खिडकीखाली, टेबलावर. ही समोर बसली. मी कापसाच्या बोळ्यावर थिनर घेतलं आणि होडीच्या टोकाला लावलं. चित्रकाराच्या पक्क्या तैलरंगाला एवढ्याने काही होत नाही. आप्पांचा रंग फ्रेमांना द्यायचा, साधा; तो लगेच सुटला. आधी वार्निशचे थर, पिवळे, एकावर एक, शेहेचाळीस वर्षांचे. मग तपकिरी. दादाने घोटलेला. बोळे बदलत गेलो. होडी गेली आणि खालून पाणी आलं, निळंकरडं, चित्रकाराचं. आणि पाण्यात उभी चीर. वर रुंद, खाली निमुळती. मी आयुष्यभर सुरा चालवलाय. कोणता सुरा, कसा धरला, केवढ्या जोराने गेला, सगळं कळतं मला. समोरून आत गेलेला. कापड मागे फाकलेलं.

मग उलटं करून अस्तर सोडवलं. ते लिहीत नाही. लिहितो. चिरेच्या भोवती मागच्या बाजूला काळपट डाग होता, पसरलेला, त्याचे ओघळ खाली कडेपर्यंत गेलेले. आप्पांनी समोरून पुसलं होतं, मागचा डाग धुतला नव्हता. वर कापड डकवलं होतं, एकही सुरकुती न पाडता.

ही उठली, किल्ली काढली, कपाट उघडलं. जळकी फ्रेम आणून टेबलावर ठेवली. मी चित्र आत बसवलं. डावीकडच्या पट्टीवरची लव्हाळी आमच्या लव्हाळ्यांना भिडली, पात्याला पातं. आभाळाला आभाळ. भट्टीचा धूर उजवीकडच्या पट्टीत जाऊन संपला. इतकी वर्षं तो मधेच तुटलेला होता आणि मला, फ्रेमवाल्याला, तो तुटलेला दिसला नव्हता.

त्यानंतर मी दुकान फोडलं. आप्पांचा फोटो, काचा, तयार फ्रेमा, ऑर्डरींचं सामान, हाताला येईल ते. हातोडा आता सापडला. मग चित्र उचललं आणि मागच्या अंगणातल्या शेगडीकडे निघालो. जाळून टाकणार होतो. ना चित्र, ना तक्ता, ना कुणी विचारणार. हिने दुसरी बाजू धरली.

"सोड," मी म्हटलं.

"नाही."

हातोडा माझ्या हातातच होता. तो मी वर केला. वर केला, हे खरं आहे. ती बाजूला झाली नाही. डोळेही मिटले नाहीत.

"मारा," ती म्हणाली. "मास्तरीणबाई झाल्या, दादा झाले. आता मी."

हातोडा खाली पडला तो माझ्याच पायावर. अंगठ्याचं नख काळं झालंय. दुखतंय ते बरं आहे.

आणखी एक. त्या दिवशी पाय पेडलवर पडला नव्हता. मी दादाचा हात पाटावर पाहिला आणि पेडल दाबलं.

११ मार्च

दादाकडे गेलो. पट्टी बदलून झाली होती. त्याला म्हटलं, "मी दाबलं होतं." तो म्हणाला, "मला काय वाटलं, मशीन आपोआप चालतं?" आणि हसला. मला हसू आलं नाही. वहिनी चहा घेऊन आली, दादासमोर ठेवला आणि आत गेली. मला दिला नाही. बरोबरच आहे.

निघताना म्हणाला, "दे त्यांना. आणि मला नेऊ नकोस बरोबर. मी रंग घोटलाय."

"आठ वर्षांचा होतास तू."

"मग? त्या अकरा वर्षांच्या होत्या."

१४ मार्च

सकाळी चित्र घेऊन मास्तरीणबाईंकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, टेबलावर पेपरांचे गठ्ठे, डाव्या हाताने तपासत होत्या. उजवा प्लास्टरमध्ये.

मी चित्र खुर्चीवर टेकवलं, त्यांच्या फ्रेममध्ये. वरची चादर काढली. होडी नाही, चीर तशीच उघडी. त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून बघत राहिल्या. मला काय करावं कळेना, म्हणून म्हणालो, "त्या दिवशी दारात मी तुम्हाला ढकललं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी तिथेच होते."

मग मी संग्रहालयाचा तक्ता पुढे ठेवला. संग्रहालयाच्या बाईंना सगळं सांगून झालंय. त्या म्हणाल्या, चित्र आता मास्तरीणबाईंचं, त्या हो म्हणाल्या तरच प्रदर्शनात लागेल. पण भिंतीवर चित्राशेजारी हा तक्ता लागणार, आणि त्यावर दोन्ही घरांच्या सह्या लागतील. मी रात्रभर जागून तो लिहिला होता. पहिल्या ओळीत चित्रकार. दुसरीत मास्तरीणबाईंचे आईवडील, चित्रकाराकडून विकत. तिसरीत: दंगलीत जमावाने नेले. पुढे फ्रेमवाल्याकडे.

त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं, मुलांच्या वहीतल्या चुकीवर ठेवतात तसं.

"जमाव फाटकाबाहेर होता. शेजारचं घर पेटवत होता. आमच्या घरात एकच माणूस आला."

"मी लिहितो. फ्रेमवाला, असं लिहितो."

"आला कसा, ते नाही विचारलंत." त्यांनी चष्मा काढला. "आईने दाराला कडी घातली होती. शिवाय दाराला कपाट लावलं होतं. दारावर थाप पडली, तिने फटीतून पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी दिवसभर घरात काम करून गेलेला माणूस. आम्ही दोघींनी जोर लावून कपाट बाजूला ढकललं आणि तिने कडी काढली. म्हणाली, फ्रेमवाले, तुम्ही आलात, बरं झालं. माझ्या मुलीला तेवढं घेऊन जा."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मी पेन हातात धरून बसलो होतो.

"ते माझ्याकडे बघून म्हणाले, हो, नेतो. आईने मला पुढे केलं. आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून वर, चित्राकडे पाहिलं. तेव्हा आईला कळलं. तिने मला आतल्या खोलीत ढकललं आणि जाऊन चित्राला पाठ लावून उभी राहिली. चित्रासाठी नाही. माझ्या खोलीचं दार चित्राच्या बाजूलाच होतं."

 मी म्हटलं, "एवढं ह्या रकान्यात मावणार नाही, बाई."

"अक्षर लहान काढा."

मी तिसरी ओळ खोडली. 'कसे मिळाले' ह्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: ओळखीचा माणूस म्हणून घरच्या बाईने दार उघडलं आणि मुलीला न्यायला सांगितलं. त्याने त्या बाईला सुऱ्याने ठार मारलं आणि चित्र कापून नेलं. तो माणूस माझे वडील.

त्यांनी दोनदा वाचलं. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी खाली लिहिलं, फ्रेमवाल्याचा मुलगा, आणि सही केली.